मेणबंद बरण्या

बुधवार, १७ मार्च १९५४. सकाळी साडेनऊच्या सुमारास दारूबंदी पोलिसांनी जुन्नरच्या बाजारपेठेमागच्या मोहल्ल्यात बिबिजानच्या घरावर छापा घातला आणि मागच्या पडवीतून चिनी मातीच्या दोन मोठ्या बरण्या ताब्यात घेतल्या. एकीत काळ्या द्राक्षांचा रस होता, दुसरीत पांढऱ्या. दोन्ही रस आंबून खवळले होते आणि आता निवत आले होते. पोलिसांचं म्हणणं, ही दारू आहे. बिबिजानचं म्हणणं, हा शिरका आहे, फक्त अजून झालेला नाही. खबर कुणी दिली ते पोलिसांनी सांगितलं नाही.

बिबिजान विधवा होती. त्या घरात तिच्या सासऱ्याच्या काळापासून शिरका, म्हणजे फळांच्या रसाचं व्हिनेगर, बनत असे. जुन्नर, घोडेगाव, मंचर इथले हकीम, लोणचंवाले आणि लग्नातले आचारी तो नेत. पावसाळ्यात जांभळाचा, उन्हाळ्यात द्राक्षाचा. त्या वर्षी मार्च लागता लागता खोडदला गारा पडल्या आणि सावळेराम नावाच्या बागाईतदाराच्या मांडवावरचे घड फुटले. फुटलेली द्राक्षं बाजारात कुणी घेत नाही. सावळेरामनं ती बैलगाडीत घालून बिबिजानच्या दारात आणून ओतली. एवढा माल एकदम तिच्याकडे कधीच आला नव्हता, म्हणून नेहमीच्या लहान मडक्यांऐवजी तिनं लोणच्याच्या मोठ्या बरण्या काढल्या.

शिरक्याचं काम सोपं असतं, पण त्याला क्रम असतो. रस आधी गोड असतो. मग खवळतो, फेस धरतो. फेस खाली बसला की त्यात नशा असते. त्या वेळी जुन्या शिरक्यावरची साय त्यात सोडायची, तोंडाला पातळ फडकं बांधायचं आणि बरणीला वारा लागू द्यायचा. वाऱ्यानं नशा मरते आणि शिरका होतो. बिबिजान जुम्म्याला साय सोडणार होती. छापा बुधवारी पडला.

पंचनाम्यासाठी शेजारच्या रहमतुल्लाला बोलावलं. तो वयस्कर, बोलायला नेमका आणि मोहल्ल्यात मान असलेला माणूस. पुणे कॅम्पात एका इंग्रज साहेबाकडे त्यानं बावीस वर्षं बटलर म्हणून काढली होती. जेवणाचं टेबल आणि बाटल्यांची खोली त्याच्या ताब्यात असे. पाहुण्यांपुढे बाटली जाण्याआधी तो घोटभर तोंडात घेई, जिभेवर फिरवी, थुंकून टाकी, चूळ भरी आणि मग सांगे की ही चालेल, ही नको. आयुष्यात एक थेंब गिळला नाही असं तो म्हणे, आणि मोहल्ल्यात त्यावर कुणी शंका घेत नसे. कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाईन द्यायची हे साहेबाची मडमसुद्धा त्यालाच विचारी. साहेब विलायतेला गेला, मागोमाग दारूबंदी आली, आणि रहमतुल्लाला जे येत होतं ते कायद्यात बसेनासं झालं. जुन्नरला परतून तो लग्नाच्या पंगतींत वाढप्यांवर देखरेख करू लागला.

त्याच्या जिभेला वर्षातून एक काम उरलं होतं. शिरका तयार झाला की बिबिजान दोन चमचे घेऊन त्याच्या ओट्याशी येई.

"सांगा रहमतभाई, ह्यो कशाला आन् त्यो कशाला?"

"काळा मटणाला. पांढरा मासळीला."

"दरसाल त्येच सांगता."

"दरसाल तुम्ही तेच विचारता, भाभी."

पंच म्हणून तो पडवीत आला तेव्हा हवालदार भिमाजी एका बरणीच्या तोंडाला फडकं गुंडाळून सुतळीची गाठ मारत होता. गाठीवर लाख आणि लाखेवर शिक्का, एवढीच पोलिसांची पद्धत.

"भिमाजीराव, नुसतं फडकं?" रहमतुल्ला म्हणाला.

"मग काय शालू नेसवू?"

"वारा लागला की हे बिघडणार. उद्या कोर्टात कुणीही म्हणेल, पोलिसांनी माल बदलला. झाकण घट्ट बसवा, कडेनं मेण ओता. आज आहे तसंच राहू द्या."

भिमाजीला ते पटलं. पंच स्वतःहून बंदोबस्त सुचवतो आहे, यात त्याला काही खटकलं नाही. रहमतुल्लानं घरून मेणबत्त्यांचे तुकडे आणले आणि वाटीत वितळवले. भिमाजीचा हात जड म्हणून मेण त्यानंच ओतलं, कडेकडेनं, एकसारखं, कुठे बुडबुडा न ठेवता. मग वर फडकं, गाठ, लाख, शिक्का. बावीस वर्षं त्या हातांनी एकच काळजी घेतली होती, की उघडलेली बाटली बिघडू नये. ती बिघडवणं हाच बिबिजानचा धंदा आहे, हे त्या घटकेला त्याच्या मनात आलं नाही.

बिबिजान आतल्या खोलीत मुलीजवळ बसून होती. तिला बाहेरची बोलणी नीट ऐकू आली नाहीत, मेणही दिसलं नाही.

बरण्या हातगाडीवरून कचेरीत गेल्या. त्याच दिवशी लहान बाटल्यांत काढलेले नमुने मुंबईला तपासणीला गेले. बिबिजानला दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला.

घर शिरक्याचं असलं तरी बोभाटा दारूचा झाला होता. बिबिजानच्या मुलीचं, हाजराबीचं, मंचरच्या अन्सारशी ठरलेलं होतं आणि ईदनंतर निकाह होता. मंचरहून निरोप आला की मुकदम्याचा निकाल लागेपर्यंत थांबावं. निरोपात वाईट शब्द एकही नव्हता. जकातीच्या नाक्यावरचा एक माणूस सायकलवरून येऊन तो सांगून गेला आणि चहा न घेता निघून गेला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून अहवाल आला. नमुन्यांत मद्यार्क होता. बिबिजानच्या वकिलांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी कोर्टात अर्ज दिला की बरण्या भर कोर्टात उघडाव्यात. त्यांचं म्हणणं साधं होतं. छाप्याच्या दिवशी माल अर्धवट होता. त्यानंतर त्याला कुणी हात लावलेला नाही. एवढ्या दिवसांत तो आपोआप शिरका झाला असेल, तर बाई पहिल्यापासून खरं बोलते आहे. अर्ज मंजूर झाला. माल ओळखणारा साक्षीदार म्हणून वकिलांनी रहमतुल्लाचं नाव दिलं.

ही बातमी घेऊन बिबिजान दुपारच्या वेळी त्याच्या ओट्याशी आली. छाप्यानंतर पहिल्यांदाच तिच्या आवाजात जरा जीव होता.

"ह्या उन्हाळ्यात काय सांगता, रहमतभाई. साय नसली तरी फडक्यातनं वारा जातोच की. फडकं सोडलं की सगळं कोर्ट खोकत बाहेर पळंल बघा."

रहमतुल्लानं तिला बसायची खूण केली.

"काय झालं?"

"फडक्याखाली मेण आहे, भाभी."

"कसलं मेण?"

"झाकणाला. वारा जाऊ नये म्हणून. मीच ओतलं."

तिनं खाली बसून घेतलं.

"म्हंजी आतमंदी अजून त्येच हाय."

"तेच आहे. जास्त मुरलं असेल, एवढंच."

"बिघडलं असंल थोडंफार. झाकण इकडं तिकडं."

"मी लावलेलं झाकण आहे," रहमतुल्ला म्हणाला.

बिबिजान उठली. जाता जाता म्हणाली, "तुमी साहेबाची बाटली सांभाळली. माझी बरणी न्हाई."

दुसऱ्या दिवशी दोघं वकिलांकडे गेली आणि सगळं सांगितलं. वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अर्ज मंजूर झालेला होता. आता तो मागं घेणं म्हणजे कबुली देण्यासारखंच. ते म्हणाले, या तालुक्यात हातभट्टी ओळखणारे पुष्कळ आहेत, ताडी ओळखणारे आहेत. द्राक्षाची वाईन कशी असते हे कोर्टात कुणालाही ठाऊक नाही. रहमतुल्ला सोडून. साक्षीदारानं काय सांगावं हे मी सांगू शकत नाही.

ते त्यांनी दोनदा सांगितलं.

उघडण्याची तारीख २९ एप्रिल पडली. रमजान तोंडावर आला होता. आदल्या दिवशी मशिदीच्या पायरीवर मेहबूब आचाऱ्यानं रहमतुल्लाला गाठलं. लग्नांची कामं त्याच्याकडूनच मिळत.

"उद्या भर कोर्टात शराब तोंडात घेणार म्हणे."

"थुंकणार आहे."

"शराब थुंकशील. जीभ कुठं थुंकशील?"

"चूळ भरीन."

"बरं. पाणी मी देतो, लांबून." मेहबूब हसला. मग हसणं आवरून म्हणाला, "बेवा बाई आहे, रहमत. नीट बोल."

गुरुवारी कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. मॅजिस्ट्रेटच्या टेबलापुढे दोन बरण्या, समोरच्या हॉटेलातून आणलेले काचेचे दोन ग्लास, पाण्याचा तांब्या आणि पितळेची पिकदाणी ठेवली होती. बिबिजान बुरख्यात, भिंतीकडेच्या बाकावर. भिमाजीनं शिक्के दाखवले, लाख फोडली, सुतळी कापली, मग चाकूनं कडेचं मेण कोरलं. मेणाचं कडं अखंड सुटून आलं.

झाकण निघालं. कुणी खोकलं नाही.

काळ्या द्राक्षांच्या बरणीतून वास आला तो पिकल्या जांभळासारखा, त्याच्यामागे ओल्या लाकडासारखा. पुढच्या रांगेतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. वास कसला हे त्यांना कळलं नाही. आंबट नव्हता एवढं कळलं. मॅजिस्ट्रेटनी नाक पुढं करून मागं घेतलं आणि साक्षीदाराला खूण केली.

रहमतुल्लानं ग्लास खिडकीच्या उजेडात तिरका धरला आणि त्याच्यामागे आपला पांढरा रुमाल धरला. गाळ खाली बसला होता आणि वरचा रंग स्वच्छ उतरला होता. ग्लास फिरवून त्यानं वास घेतला. मग घोट तोंडात घेतला. जिभेच्या दोन्ही कडांना सालीचा तुरटपणा धरला, तो हळूहळू सुटला आणि मागे थोडी ऊब राहिली. साहेबाच्या घरी जहाजानं पेट्या येत, त्यांतही प्रत्येक बाटली अशी निघत नसे. त्यानं थुंकून चूळ भरली. पांढरीचंही तसंच केलं. पांढरी अजून कोवळी होती, तिच्यात द्राक्षाची गोडी शिल्लक होती.

"काय आहे हे?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"बिघडलं आहे, साहेब. पिण्याजोगं नाही. शिरक्याच्या वाटेला लागलं आहे."

"दोन्ही?"

"दोन्ही."

बिबिजानच्या वकिलांनी आणखी प्रश्न विचारला नाही. मॅजिस्ट्रेट लिहीत होते. तेवढ्यापुरतं असं वाटत होतं की हे निभावतं आहे.

सरकारी वकील उलटतपासणीला उठले. तरुण होते, शाकाहारी घरातले, सुपारी सोडून कसलं व्यसन नाही. त्यांनी नोकरीची वर्षं विचारली, साहेबाचं घर विचारलं. रहमतुल्लानं सांगितलं.

"म्हणजे असला माल साहेबांच्या टेबलावर गेला नसता?"

"नसता गेला."

सरकारी वकील कागद गोळा करू लागले. खाली बसता बसता म्हणाले, "ठीक. म्हणजे मासळीबरोबर ही लाल तुम्ही काही वाढली नसती."

"मासळीला लाल कधीच देत नाहीत, साहेब."

"का बरं?"

"तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव येते."

"असं? मग ही कशाला?"

"मटणाला. तेही भाजलेल्या. आपल्याकडच्या तिखट रश्श्यापुढं ती टिकायची नाही, मिरची तिला मारते."

"आणि पांढरी मासळीला."

"ही नाही. हिच्यात गोडी आहे अजून. मासळीला कोरडी लागते. ही कोंबडीला चालेल, कमी मसाल्याच्या. थंड करून…"

तिथं तो थांबला.

मागं कुणीतरी हसलं. भिमाजीही हसला, मग टोपी नीट करू लागला. सरकारी वकील अर्धे बसलेले पुन्हा उभे राहिले. त्यांनी नंतर बाररूममध्ये सांगितलं की त्यांचा सापळा वगैरे काही नव्हता. लोक जेवताना हे कसं पितात ते त्यांना खरंच ठाऊक नव्हतं आणि विचारावंसं वाटलं.

"बिघडलेला माल थंड करून कोंबडीबरोबर वाढतात?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

बिबिजानचे वकील घाईनं उठले. "साक्षीदार शिरक्याबद्दल बोलत होते. शिरकासुद्धा काळा मटणाला आणि पांढरा मासळीला लागतो. दरवर्षी ते हेच सांगत आले आहेत. हो ना?"

"होय, साहेब."

"पण आत्ता पांढरा मासळीला नको म्हणालात," सरकारी वकील म्हणाले. "गोडी आहे म्हणून. शिरक्यात गोडी असते?"

"नाही."

"शिरका ग्लासात थंड करून देतात?"

"नाही."

बिबिजाननं बुरख्याआड मान खाली घातली की नाही ते कुणाला दिसलं नाही. ती जागची हलली नाही.

कोर्ट उठल्यावर भिमाजीनं झाकणं पुन्हा बसवायला घेतली. मेण लोकांच्या पायांखाली चुरा होऊन फरशीवर पडलं होतं. त्यानं रहमतुल्लाकडे पाहिलं.

"आता? आनता का मेण?"

रहमतुल्लानं रुमाल खिशात घातला आणि तो बाहेर पडला. भिमाजीनं झाकणं बाजूला ठेवली, नुसतं फडकं बांधलं, गाठीवर लाख लावली, शिक्का मारला आणि बरण्या मुद्देमालाच्या खोलीत नेऊन ठेवल्या. पोलिसांच्या पद्धतीत ते बसत होतं.

निकाल ६ मे रोजी लागला. पहिले रोजे सुरू झाले होते. बिबिजानला तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. मॅजिस्ट्रेटनी म्हटलं की मुंबईचा अहवाल आणि बचावाच्याच तज्ज्ञ साक्षीदाराची उत्तरं एकमेकांशी जुळतात, आणि माल शिरक्यासाठी होता याला आरोपीच्या तोंडच्या शब्दापलीकडे पुरावा नाही.

तिला येरवड्याला न्यायची मोटार स्टँडवर उभी होती. हाजराबी कपड्यांचं बोचकं घेऊन आली होती. ते भिमाजीनं उघडून पाहिलं आणि परत बांधून दिलं. रहमतुल्ला थोडा लांब, पानाच्या ठेल्याच्या सावलीत उभा होता. मोहल्ल्यातलं दुसरं कुणी आलं नव्हतं. बिबिजाननं त्याला हातानं बोलावलं.

"रहमतभाई, चांगली झाली व्हती का?"

"काय?"

"काळी."

त्याला रोजा होता. त्यानं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"साहेबाकडं तशी थोडीच येत."

"मला काय म्हाइत," ती म्हणाली. "मी आजवर त्या वक्ताला कधी चाखलीच न्हाई. आमच्यात चाखत न्हाईत."

"भाभी, मी…"

"हाजराला शिरक्याची साय सांभाळाया सांगा. तिला ध्यान न्हाई ऱ्हात. वाळली तर सासऱ्याच्या वक्तापासूनची साय गेली."

भिमाजी म्हणाला, "चला बाई, ड्रायव्हर कावतोय." ती मोटारीत चढली.

पुण्याला अपील दाखल झालं. त्याबरोबर जामिनाचा अर्जही दिला आहे. अपिलात वकिलांनी एकच नवा मुद्दा घेतला, की बरण्या पुन्हा उघडून पाहाव्यात. मंचरहून निकालानंतर काही निरोप आलेला नाही. हाजराबी घराबाहेर पडत नाही. मेहबूबनं ईदनंतरच्या लग्नांसाठी दुसरा माणूस लावला आहे. रहमतुल्लाला त्यानं तसं सांगितलेलं नाही, पण वाढपी सांगतात.

मेच्या मध्यावर कचेरीतले कारकून तक्रार करू लागले की मुद्देमालाच्या खोलीतून नाकात शिरणारा आंबट वास येतो आणि डोळ्यांना पाणी येतं. तिकडची खिडकी बंद करून घेतली, तरी वास कमी झाला नाही. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, रहमतुल्ला कचेरीच्या मागच्या बाजूला जातो आणि त्या खिडकीखाली उभा राहतो. पहिल्या दिवशी भिमाजीनं त्याला हटकलं.

"काय पाहिजे इथं?"

"झाला आहे, भिमाजीराव. दोन्ही झाले. वास घ्या. आता उघडायला सांगा त्यांना."

"मी सांगून कोन उघडतंय? माझ्याकडं फोडायचा हुकूम आलाय."

तो हुकूम खरा आहे. शिक्षेबरोबरच मुद्देमाल नष्ट करण्याचा आदेश झाला होता आणि तो कचेरीत पोचला आहे. त्यावर तारीख घातलेली नाही. वकिलांनी त्याला स्थगिती मागितली आहे. पुण्याहून उत्तर आलेलं नाही आणि अपिलाची तारीखही लागलेली नाही. भिमाजी म्हणतो, कचेरीतले साहेब ज्या दिवशी सांगतील त्या दिवशी तो बरण्या मागच्या गटारीत ओतणार. साहेबांनी अजून सांगितलेलं नाही.

गुरुवार, २७ मे रोजी दुपारपर्यंत बरण्या खोलीतच होत्या.